पळणाऱ्या पोराची टाच दुखतेय? आधी त्याचं वय बघा

विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर, कळस, दिघी. पुण्याच्या या पट्ट्यात पहाटे बाहेर पडलं की पळणारी पोरं दिसतातच. एका अंगाला खडकीचं बीईजी, दुसऱ्या अंगाला दिघीची लष्करी हद्द. घरात नाहीतर शेजारी कुणीतरी फौजेत असतं, त्यामुळे आठवी-नववीतच भरतीचं वेड डोक्यात शिरतं. काही मुलं-मुली शाळेच्या क्रीडास्पर्धांसाठी पळतात. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, हा हिशेबही घरात झालेला असतो. आणि मग एखाद्या संध्याकाळी बूट काढता काढता पोरगं म्हणतं, "आई, टाच लई दुखतीये." हे आवाहन त्या आईला, बाबांना आणि ग्राउंडवरच्या सरांना आहे.

पहिलं सांगणं असं, की मोठ्यांची टाच आणि पोराची टाच एक समजू नका. आत्याची टाच पंचेचाळिशीत दुखते, एक्स-रे निघतो, "हाड वाढलंय" असं निदान घरी येतं आणि मग घरात कुणाचीही टाच दुखली की तेच निदान लागू होतं. तेराव्या वर्षी हाड वाढणारच, ते वाढायचंच वय आहे. दुखणं त्या वाढीतूनच आलेलं असतं, पण त्याचा प्रकार वेगळा आणि उपायही वेगळे.

वाढत्या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाला हाडाचा एक स्वतंत्र तुकडा असतो. तो आणि मुख्य हाड यांच्या मध्ये कूर्चेचा मऊ थर असतो. साधारण सातव्या ते नवव्या वर्षी हा तुकडा एक्स-रेत दिसायला लागतो आणि चौदा ते सोळाच्या सुमारास मुख्य हाडाशी एकजीव होतो. मुलींमध्ये हे सगळं थोडं आधी घडतं. पोटरीचे स्नायू ज्या जाड दोरीने टाचेला बांधलेले असतात, ती ॲकिलिसची शीर नेमकी याच तुकड्यावर ओढ देते. खालून तळव्याचा पडदा त्याच भागाला पुढे खेचतो. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीवर पडतो, तो निराळाच. त्यात उंची झपाट्याने वाढण्याचा काळ येतो, मुलांच्या बाबतीत तेरा-चौदाच्या आसपास, मुलींच्या अकरा-बाराच्या. हाडं भराभर लांबतात, पोटरी मागे पडते, ताठरते आणि सगळा ताण त्या कच्च्या सांध्यावर येतो. बॉस्टनचे अस्थिरोगतज्ज्ञ जेम्स सीव्हर यांनी १९१२ मध्ये हे दुखणं नीट वर्णन करून ठेवलं, म्हणून डॉक्टरांच्या कागदावर 'सीव्हर्स डिसीज' असं लिहिलेलं दिसेल. 'डिसीज' वाचून घाबरू नका. हा आजार कमी आणि वाढीच्या काळातली कुरबुर जास्त. हाड जुळलं की ती कायमची थांबते आणि मागे व्यंग ठेवत नाही.

हेच दुखणं आहे का, याचा अंदाज घरी बसून घेता येतो. पोराला पालथं झोपवा, पाऊल खाटेच्या कडेबाहेर येऊ द्या. टाचेच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी, आतून आणि बाहेरून, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरा आणि हळूहळू दाबा. तळव्याखालून नव्हे, बाजूंनी. तिथे "आई गं" निघालं आणि तसाच दाब दुसऱ्या, न दुखणाऱ्या टाचेवर सहन झाला, तर संशय पक्का होत जातो. पुष्कळदा दोन्ही टाचा दुखतात, मग ही तुलना जमत नाही. तेही एक लक्षणच. दुखणं पळताना नाहीतर पळून आल्यावर वाढतं, सुट्टीच्या दिवशी कमी होतं. काही पोरं नकळत चवड्यांवर चालायला लागतात, टाच टेकवतच नाहीत. आईच्या नजरेला हे पोराच्या तक्रारीच्या आधी पडतं. बाहेरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, सूज नाही, लाली नाही. म्हणून "नाटकं करतोय" हा शेरा घरात आणि मैदानावर हमखास बसतो. कृपा करून तो मारू नका.

आता उपचार. माझं स्पष्ट मत असं, की या दुखण्याचे नव्वद टक्के उपचार स्वस्त आहेत, घरात होणारे आहेत, आणि म्हणूनच लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसत नाही.

सगळ्यात मोठं औषध म्हणजे पळणं कमी करणं. बंद करणं नव्हे. पूर्ण पलंगावर झोपवलेलं पोरगं चार आठवड्यांनी बरं वाटून मैदानावर जातं, पहिल्याच दिवशी जुन्या वेगाने पळतं आणि चौथ्या दिवशी परत तिथेच येतं. त्याऐवजी त्याला दुखण्याला दहापैकी गुण द्यायला शिकवा. शून्य ते तीन असेल, पळताना वाढत नसेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर येत असेल, तर तेवढं चालेल. चारच्या पुढे गेलं, किंवा पोरगं लंगडायला लागलं, तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला. लंगडत पळू देऊ नका, कारण मग गुडघा आणि कंबर या दोघांचीही भर पडते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे उड्या, जिने आणि वेगाचे फेरे बंद. दिघीच्या दत्तगडाची चढण दमसास वाढवायला उत्तम आहे, पण चढताना टाच खाली ओढली जाते आणि नेमकी तीच शीर ताणली जाते. ती काही महिने राहू द्या. त्या वेळात सायकल, पोहणं, हात-पाठ-पोटाचे व्यायाम चालू ठेवा. पोराला "मी अजून खेळाडू आहे" असं वाटत राहणं हाही उपचाराचा भाग आहे.

दुसरा उपाय मेडिकलच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. 'सिलिकॉन हील कप' किंवा 'हील कुशन' मागा. टाचेखाली सहा ते दहा मिलिमीटर उंची आली की पोटरीची ओढ सैल पडते. इथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे दुखणाऱ्या पायातच घालतात. जोडी दोन्ही बुटांत घालायची, नाहीतर चाल तिरकी होते. दुसरी म्हणजे पळतानाच्या बुटातच घालतात आणि दिवसभर शाळेत पोरगं सपाट तळाच्या बुटात फिरतं. शाळेचे सहा-सात तास टाचेचं काय होतं, ते बघा. पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट दिसायला छान, पण त्यांचा तळ कागदासारखा. घरात चकचकीत फरशीवर अनवाणी फिरणंही काही आठवडे टाळा, मऊ चप्पल असू द्या. हा आधार कायमचा नाही. सहा ते बारा आठवडे वापरून, दुखणं गेल्यावर आधी घरात, मग शाळेत, शेवटी पळताना, असा काढत जायचा.

बूट घेताना महागडं नाव बघण्यापेक्षा टाचेमागचा कप दाबून बघा. बोटाने सहज चेपला तर ठेवून द्या. तळ मधोमध दुमडत असेल तरी नको, तो बोटांच्या सांध्याशी दुमडला पाहिजे. आणि "पाय वाढतोय, दोन नंबर मोठेच घेऊ" हा आपला काटकसरीचा नियम पळण्याच्या बुटाला लावू नका. सैल बुटात टाच प्रत्येक पावलाला वरखाली घासते. अंगठ्यापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरे.

तिसरं, पोटरीचा ताण सैल करणं. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, मागचा गुडघा सरळ. पोटरीत ओढ जाणवेल तिथे अर्धा मिनिट थांबायचं, हिसके द्यायचे नाहीत. मग तोच व्यायाम गुडघा किंचित वाकवून, म्हणजे खालचा स्नायूही ताणला जातो. दोन्ही पायांना तीन-तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. ताण पोटरीत जाणवला पाहिजे. टाचेत दुखलं तर थोडं मागे या. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा खाली सोडण्याचा जो व्यायाम मोबाइलवर सगळीकडे दिसतो, तो मोठ्यांच्या शिरेच्या दुखण्यासाठी चांगला. पोराची टाच ठणकत असताना तो करू नये. दुखणं उतरल्यावर फिजिओथेरपिस्टने सांगितला तर जरूर करावा.

बर्फ पळून आल्यावर, रुमालात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. त्याने बरं वाटतं, बाकी फार काही होत नाही; पण बरं वाटणंही हवंच. गोळ्यांबाबत मात्र कडक राहा. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन मुलाच्या वजनाच्या हिशेबाने, डॉक्टरांना विचारून, दोन-चार दिवस. "आज सिलेक्शन आहे, गोळी घेऊन पळ" हे कदापि नाही, कारण दुखणं ही त्याला मिळणारी एकमेव सूचना असते. ॲस्पिरिन तर मुलांना देऊच नये. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर आयब्युप्रोफेनही घरच्या घरी देऊ नका. पुण्यात त्या दिवसांत डेंगी असतो आणि या गोळ्या तेव्हा रक्तस्रावाचा धोका वाढवतात.

आता आजीच्या उपायाकडे येऊ. तापवलेल्या विटेवर रुईची पानं ठेवून टाच शेकायची, हा उपाय आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. शेक घेऊन मोठ्या माणसाला आराम पडत असेल. पण रुईचा चीक कातडीला भाजतो आणि डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा करतो, आणि विटेचा चटका किती बसला हे पोर सांगेपर्यंत फोड आलेला असतो. शेकायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी पोटरीला लावा, ते निर्धोक आहे. आजीला वाईट वाटणार नाही. हाडवैद्याकडे नेऊन टाच "बसवून" आणणं मात्र नकोच. तिथे निसटलेलं काही नसतं, मग बसवायचं काय?

नेदरलँड्समध्ये आठ ते पंधरा वयाच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना फक्त धीर धरायला सांगितलं, काहींना टाचेखाली उंची दिली, काहींना फिजिओथेरपी. तीन महिन्यांनी तिन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली होती. याचा अर्थ उपाय निरुपयोगी असा घेऊ नका. सुरुवातीच्या ठणक्याच्या आठवड्यांत टाचेखालच्या गादीचा उपयोग होतो. पण हजारोंचे खास बनवलेले इनसोल, मशीनचे शेक, महिनाभराची पॅकेजं कुणी गळ्यात मारत असेल, तर हा अभ्यास आठवा आणि विचारा, "डॉक्टर, हे न करता सहा आठवडे थांबलो तर चालेल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

एक्स-रेचंही तसंच. या वयात टाचेच्या त्या तुकड्यावर एक्स-रेत पांढरी झाक दिसते, भेगा दिसतात, तुकडे तुकडे झाल्यासारखं वाटतं. निरोगी, न दुखणाऱ्या टाचेतही ते दिसतं. रिपोर्ट हातात घेऊन घरी "फ्रॅक्चर आहे" म्हणून रडारड होते, ती बहुतेक वेळा यामुळे. एक्स-रे लागतो तो दुसरं काही नाही ना, हे बघायला. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन या दुखण्यात द्यायचं नसतं. त्याने टाचेखालची चरबीची गादी झिजते आणि शीर कमजोर होते. शस्त्रक्रियेचा प्रश्नच नाही. फारच ठणकत असेल, चालणंही अवघड असेल, तर दोन-तीन आठवडे प्लास्टर किंवा चालायचा बूट देतात, तो अपवाद म्हणून ठीक.

मात्र टाच दुखणारं प्रत्येक पोरगं या खात्यातलं नसतं, आणि इथे थोडं सावध व्हा. मुलगा सोळा-सतराचा असेल, म्हणजे हाड जुळून गेलं असेल, तर दुखणं मोठ्यांसारखं असू शकतं. सकाळी खाटेवरून उतरताना पहिली पावलं जीव घेतात आणि मग सैल पडतं, ते तळव्याच्या पडद्याचं. टाचेच्या वर दोन-चार बोटांवर शीर जाड लागते आणि दुखते, ते ॲकिलिसचं. आणि महिन्याभरात पळणं एकदम दुप्पट-तिप्पट केल्यावर टाच दोन्ही बाजूंनी दुखायला लागली, दिवसेंदिवस वाढतच चालली, चालतानाही दुखते, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. चाचणी म्हणून लंगडीच्या चार उड्या मारायला सांगा. दुखऱ्या पायावर एकही उडी मारवत नसेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर गाठा. ही चीर पहिल्या एक-दोन आठवड्यांत साध्या एक्स-रेत दिसत नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे, पळ" हे उत्तर इथे पुरेसं नाही.

मुलींच्या आयांना वेगळं सांगायचंय. पळणाऱ्या मुलीची पाळी लांबली, तीन-तीन महिने आली नाही, ती जेवण टाळत असेल, वजन उतरत असेल आणि हाड दुखत असेल, तर हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. खाल्लेलं पळण्याला पुरत नाही म्हणून शरीर पाळी थांबवतं आणि हाडंही कमजोर होत जातात. मुलांमध्येही हे होतं, फक्त पाळीसारखी खूण नसते. पहाटे चहा-बिस्किटावर पळायचं, मग डबा न घेता शाळेत जायचं, हे चालणार नाही. पळून आल्यावर तासाभरात अंडी, दूध, नाचणीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, जे घरात असेल ते पोटभर. 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे खूप आढळते, पण शेजाऱ्याने सांगितलं म्हणून साठ हजार युनिटची पुडी महिनोन् महिने चालू ठेवू नका. तपासून, डॉक्टर सांगतील तेवढे आठवडेच.

आणि पुढच्या गोष्टींत वाट बघायची नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. ताप. एकाच टाचेवर सूज, लाली, गरमपणा. वजन घटणं, फिकट पडणं. सकाळी अर्धा तास तरी अंग आखडलेलं असणं, सोबत कंबर किंवा गुडघा धरणं, डोळा लाल होणं. हाडातला जंतुसंसर्ग, मुलांमधला संधिवात, क्वचित त्याहून गंभीर काही, यांची सुरुवात टाचेपासून होऊ शकते. खासगीचा खर्च झेपत नसेल तर ससूनच्या अस्थिरोग विभागाची ओपीडी आहे; रांग मोठी असते, पण पाहणारे रोज अशी पोरं पाहतात. जाताना पळायचे बूट पिशवीत न्या आणि गेल्या दोन महिन्यांत कोणत्या आठवड्यात किती पळाला, उंची किती वाढली, ते कागदावर लिहून न्या. त्या कागदाचा उपयोग जुन्या रिपोर्टांच्या फाइलपेक्षा जास्त होतो.

आता सरांशी बोलतो. सर, उन्हाळ्याची सुट्टी झोपण्यात जाते, जूनमध्ये शाळा सुरू होते आणि स्पर्धेच्या तारखा लागल्या की पहिल्या आठवड्यातच पोरांना रोज पाच-सहा किलोमीटर पळवलं जातं. टाचा दुखू लागतात त्या याच हंगामात. पहिले तीन-चार आठवडे एक दिवसाआड पळवा आणि अंतर थोडं थोडं चढवा. आमच्याकडच्या बहुतेक गल्ल्या काँक्रीटच्या झाल्यात आणि आळंदी रोडच्या कडेने पळायचं तर रस्ता उतरता, शिवाय गाड्यांचा धाक. जवळ मातीचं मैदान असेल तर आठवड्यातले निम्मे दिवस तिथे न्या. खोल वाळू मात्र नको, तिच्यात टाच खचते आणि शीर जास्त ताणली जाते. आणि चौदा वर्षांच्या पोराला अठरा वर्षांच्या पोराच्या गटात पळवू नका. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, अग्निवीरला १.६ किलोमीटर. पहिल्याला किमान वय अठरा, दुसऱ्याला साडेसतरा. आज चौदा वर्षांचा असलेल्या पोराकडे साडेतीन-चार वर्षं आहेत. त्यातले तीन महिने टाचेला दिले तर बुडतं काय?

घरात तरीही "मागे पडेल" अशी धाकधूक असेल, तर बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं उदाहरण द्या. लहानपणी तो शाळेला कित्येक किलोमीटर पायी जायचा, पण धावपटू म्हणून त्याची तयारी सुरू झाली ती महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर, विशीत. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवलं.

दुखणं उतरल्यावर परत पळायला लावायचं ते असं. आधी अर्धा तास भरभर चालणं, सलग आठवडाभर, न दुखता. मग एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, अशा आठ फेऱ्या, एक दिवसाआड. दर आठवड्याला पळण्याचा भाग वाढवा, चालण्याचा कमी करा. सलग वीस मिनिटं दुखल्याशिवाय पळता आलं की मग वेग, आणि सगळ्यात शेवटी चढण आणि उड्या. खो-खो, कबड्डी, फुटबॉल पळण्याच्या दिवशीच जोडून नको. दीड-दोन महिने नीट करूनही फरक नसेल, तर निदान परत तपासून घ्या.

आणि हाड पूर्ण जुळेपर्यंत हे दुखणं पुन्हा डोकं वर काढू शकतं, विशेषतः उंची एकदम वाढली की किंवा नवा हंगाम सुरू झाला की. तेव्हा आधीच्या उपचारांवर खापर फोडू नका, नवीन डॉक्टर शोधत पुणंभर हिंडू नका. दाराच्या चौकटीवर पोराची उंची दर महिन्याला पेन्सिलीने टिपून ठेवा. खूण भराभर वर सरकायला लागली की पोटरीचे व्यायाम वाढवा, पळणं जरा कमी करा, आणि हील कप कपाटातून काढून बुटात घाला.